चांदीच्या पाण्याची पट्टी

चांदीच्या पाण्यात, म्हणजे सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात, भिजवलेल्या गॉजच्या पट्ट्या मी परसातल्या दोरीवर उन्हात वाळत घातल्या आणि चहा पिऊन येतो तो काळ्याठिक्कर पडलेल्या. सिल्व्हर नायट्रेट उजेडात काळं पडतं, हे सांगलीच्या कॉलेजात मी दरवर्षी पोरांना शिकवत होतो. पण आमच्या घरात जे ओलं ते दोरीवर, हा नियम माझ्या रसायनशास्त्राहून जुना.

हा सगळा उद्योग सासऱ्यांसाठी. पंचाहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. फौजेतून पेन्शनीत आलेला माणूस, आणि कोरेगावला गुऱ्हाळात काहिलीतला उकळता रस पायावर सांडला. पेनिसिलीन टोचलं तर अंगभर गांधी उठल्या, श्वास कोंडला. बायकोनं त्यांना आमच्याकडं आणलं. इथले डॉक्टर म्हणाले, "ते औषध पुन्हा नको. पण जखम चिघळली तर मिरजेला नेऊन बोटं काढावी लागतील." भाजलेल्यावर चांदीच्या पाण्याच्या ओल्या घड्या ठेवतात, हेही त्यांनीच सांगितलं. झालं! मला वाटलं, ओल्या कशाला? कोरडी तयार पट्टीच करू, कुणाच्याही घरात फळीवर राहील अशी.

दुसऱ्या खेपेला पट्ट्या अंधारात ठेवल्या, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत. बरणी धुतली होती, पण मी. पाणी दह्यासारखं पांढरं झालं. मिठानं चांदी अशी खाली बसते, हेही मीच शिकवायचो.

सासरे खाटेवरनं बघत होते. "आवं जावईबापू, काल काळं, आज पांढरं. उद्या हिरवं काढताय व्हय?"

मी हसलो, पण जखमेला वास येऊ लागला होता. वर्गात शिकवताना नाकात तोच वास. घरी आलो की चप्पल काढायच्या आधी खाटेपाशी. पायावरची साधी पट्टी हुंगायची, बाहेर जायचं, परत यायचं. बायको नुसती बघायची.

शेवटी कोरड्या पट्टीचा नाद सोडला. ऊर्ध्वपातित पाण्यात, तपकिरी बाटलीत द्रावण केलं, डॉक्टरांना ते किती पातळ हवं ते विचारून. घड्या त्यांनीच ठेवल्या. ओल्या ठेवण्याचं काम बायकोनं घेतलं. मला बाटलीला हात लावायची बंदी.

आठवडा गेला. डॉक्टरांनी घडी उचलली तेव्हा मी खिडकीकडं तोंड करून उभा होतो. कडेची कातडी चांदीनं शाईसारखी काळी, पण आत मांस लालबुंद. वास नाही. "मिरजेला न्यायचं कारण नाही," ते म्हणाले.

सासऱ्यांनी बोटं हलवून दाखवली. "जावयानं पाय राखला बगा!" मीही मान जरा ताठ केली.

डॉक्टरांना पोचवून आत आलो तर बायको चुलीपाशी बसलेली, डोळे पुसत.

"आबांच्या म्होरं बोलले न्हाई," ती म्हणाली. "पर पुन्यांदा काय करून बघायचं असलं, तर आधी सोताचा पाय भाजून घ्या."