न पेटणारा राब

शुद्धलेखन चुकेल, त्याची आधीच माफी मागतो. मराठी चौथीत शाळा सुटली, त्यामुळे शब्दही घरचेच आहेत. पण मी जी माती खाल्ली ती सांगायला मोठे शब्द लागतच नाहीत.

लढाईच्या दिवसांत मी शहापूरला लाकडाच्या वखारीत कामाला होतो. फळ्यांना भुंगा लागू नये म्हणून आम्ही त्या बोरिक आणि टाकणखाराच्या पाण्याच्या हौदात बुडवायचो. मुरबाडकडची मुलगी मला सांगून आली होती. बोलणी झाली, साखरपुडा तेवढा राहिला. एक दिवस तिचे वडील, धर्माबाबा, वखारीत आले. माणूस समोर आला की माझी जीभ आत जाते. काहीतरी बोलायचं म्हणून बोरिकवर बोललो. एक बागवाला सांगून गेला होता, झाडाच्या बुंध्याशी चिमूटभर टाकलं की फळ धरतं.

"भाताला चालंल का रं?"

"धावंल," मी म्हणालो.

झाडाला चिमूट, तर शेताला किती? माझ्या अंदाजाने दोन पोती. मालकांकडून मागून आणली.

आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या जागी शेण, टाहळ म्हणजे झाडांच्या तोडलेल्या फांद्या, पाला पसरतात आणि पावसाआधी पेटवतात. त्याला राब म्हणतात. राब भाजला नाही तर तण माजतं, रोप खुंटतं, वर्षाचा भात जातो. धर्माबाबांच्या राबावर मी स्वतः घमेल्याने बोरिकचं पाणी शिंपलं. टाकणखारही घातला, उगाच कमी नको. मग चार दिवस कडक उन्हात वाळू दिलं.

पाचव्या दिवशी सकाळी सगळ्या गावाचे राब धडधडत होते. बाबांनी चूड लावली. धूर आला आणि गेला.

बांधापलीकडचा काळू हसला. "बाबा, राब हाय का केळीचा खांब?"

सासूबाईंनी नारळ फोडला. बाबांनी रेशनचं जपून ठेवलेलं रॉकेल ओतलं. रॉकेल जळलं, पाला तसाच. तेव्हा मला आठवलं, वखारीत भात शिजवणारी बाई हौदातल्या फळ्यांचे तुकडे पेटत नाहीत म्हणून रोज आम्हाला शिव्या घालायची.

सांगायला हवं होतं. पण समोर होणारी बायको उभी. मी पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिलो.

मग भगत आला. आधी कोंबडी घेतली, मग डोळे मिटले. "करणी हाय. जो हसला त्याची."

बाबांनी कोयता उचलला आणि काळूकडे निघाले. आता मात्र मी आडवा झालो.

"बाबा, काळूदादाची करणी नाय. माझी हाय."

सगळं सांगितलं. पहिल्यांदा ती मुलगीच बोलली, "आधी भगताकडनं कोंबडी परत घ्या."

भगत तोवर बांध ओलांडून गेला होता.

बाबांनी कोयता खाली ठेवला. "लगीन व्हईल. पण मांडवातल्या चुलीकडं तू फिरकायचा नाय. वऱ्हाड उपाशी जाईल."

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी रानात गेलो. वरच्या तुकड्यात नवा राब लावायचा होता. एकट्याने टाहळाचे अकरा भारे डोक्यावरून आणले. सासूबाई बांधावर बसून प्रत्येक भारा नाकाशी धरत होत्या आणि वास आला नाही की आत घेत होत्या. बोरिकला वास नसतो, हे सांगायला मी तोंड उघडलं, मिटलं आणि बारावा भारा आणायला गेलो.