होडीवरची न्याहारी

परवा पंपावर डिझेलचा वास आला आणि मी थेट माझ्या विद्यार्थिदशेतल्या जर्मनीत, एका कालव्यावरच्या होडीत जाऊन पोचलो.

आखन विद्यापीठातले माझे प्राध्यापक आणि त्यांच्या पत्नी, दोघंही पन्नाशी ओलांडलेले, मला सुट्टीत होडीवर घेऊन गेले होते. पहिल्या सकाळी मी खालच्या केबिनच्या जिन्यातून डोकं वर काढलं, तर दोघं अंगावर सूतही नसताना ब्रेडला लोणी लावत बसलेले. मी तसाच खाली सटकलो. आमच्याकडे बंद न्हाणीघरातसुद्धा पंचा नेसून आंघोळ करतात. आता यांच्याशी नजर कशी मिळवायची, आणि पुढे यांच्याच हाताखाली डॉक्टरेट कशी करायची? शेवटी तिघांचीही अब्रू आपणच राखावी म्हणून मी कोट-टाय चढवून वर गेलो.

बाईंनी मला निवांत न्याहाळलं. "आल्झो... बरं, थंडी वाजतेय का तुम्हाला?"

"नाही."

"मग बसा. अंडं गार होतंय."

प्राध्यापक कॉफी ओतायला वाकले. त्यांची पाठ युद्धातल्या जखमांच्या वणांनी भरलेली होती. वर्गात कॉलरचं बटणही न सोडणारा हा माणूस! बाई बोलता बोलता त्या वणांवर तेल चोळू लागल्या, आणि सकाळचं ऊन त्या पाठीवर पसरलं. मी पाहतच राहिलो. लाजायचं राहूनच गेलं.

आज मी त्यांच्या वयाचा आहे आणि अजून बनियन बदलताना दिवा मालवतो. पण त्या सकाळी मी टाय सोडला, कोट काढला, मग शर्टही. पुढे धीर झाला नाही. बाईंनी फक्त तेलाची बाटली माझ्याकडे सरकवली.