भिशीच्या पैशांची खुर्ची

रविवार. तुळशीचं लग्न होऊन गेलेलं, फराळाच्या डब्यांत नुसता चुरा उरलेला. हजर: मी, हे, सासूबाई, गडमुडशिंगीहून आलेले धाकटे भावजी आणि जाऊबाई. फोनवर हजर: पुण्यात नोकरी करणारी लेक. गैरहजर कुणीच नाही, त्यामुळे एकमत होण्याची शक्यता कमी. जेवण: मटण, तांबडा, पांढरा. विषय: मला लागलेल्या भिशीचे पैसे कशावर खर्चायचे.

ऑफिसात मीटिंगची टिपणं मीच लिहिते, म्हणून घरातही अशीच सुरुवात होते.

आधी भिशीबद्दल. आमच्या गल्लीतल्या बायकांची ही भिशी सासूबाईंनी सुरू केली. त्यांना आम्ही सगळे आत्याच म्हणतो. सुरुवातीच्या दिवसांत एकीला भिशी लागली आणि तिच्या नवऱ्याने त्या पैशांतून मोटरसायकलला नवे टायर घातले. बायकांनी ते टायर जाऊन बघितले आणि नियम केला: भिशीचा पैसा बाईने स्वतःसाठी वस्तू घेण्यातच घालवायचा. वस्तू पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर ठेवायची. तिला हळद-कुंकू लागल्याशिवाय ती वापरायची नाही. या नियमामुळे आजवर बऱ्याच अंगठ्या, मिक्सर आणि एक शिलाई मशीन टायर होण्यापासून वाचलं आहे.

आता माझ्या सुतारकामाबद्दल. गच्चीवर पत्र्याची शेड आहे, तिथे सुट्टीच्या दिवशी मी लाकूडकाम करते. मोबाईलवर बघून शिकले. आतापर्यंत केलेल्या वस्तू: हत्यारं अडकवायची फळी, हत्यारांची पेटी, करवतीखाली लाकूड धरायचा बाक आणि वरच्या फळीपर्यंत हात पोचावा म्हणून एक स्टूल. यावर ह्यांचं म्हणणं असं, की घरात सगळ्यांत सुखात तुझी हत्यारंच राहतात.

यात आत्यांचा प्रश्न अडकला होता. त्यांचे गुडघे गेले. खाली बसता येईना. भिशीला सगळ्या सतरंजीवर गोल करून बसायच्या आणि आत्या मात्र मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर. मागच्या बैठकीहून परत आल्या आणि चप्पल काढता काढताच म्हणाल्या, "पुढच्या टायमापासनं मला धरू नका."

"का हो आत्या? भिशी तर तुमचीच."

"वर तहसीलदारागत बसवताय मला. महत्त्वाचं सगळं खाली हळू बोलत्यात, ते माझ्यापतूर येत न्हाय. वर नुसता हसल्याचा आवाज येतो. कशाला हसल्या ते घरी येऊन तुला इचारायचं, आणि तू सांगतीस ऑफिसच्या पत्रागत."

त्यांना हवी होती बुटकी खुर्ची. पाटापेक्षा उंच, खुर्चीपेक्षा ठेंगणी, उठताना रेटा द्यायला हात असलेली. दुकानात मिळाली नाही. एका सुताराला विचारलं तर तो म्हणाला, सध्या फ्लॅटची किचन चालू आहेत, दिवाळीनंतर बघू. कुठल्या दिवाळीनंतर ते त्याने सांगितलं नाही. भावजींनी प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय कापून बघितले होते. आत्या बसल्या आणि चारी पाय चार दिशांना गेले. तेव्हापासून आत्या भावजींनी पुढे केलेल्या कुठल्याही वस्तूवर आधी हाताने दाबून बघतात.

तर त्या रविवारी ताटं उचलल्यावर मी विषय काढला. माझी यादी तयार होती: चांगला रंधा, लाकूड पकडायला दोन शिकंजे, पटाश्यांचा संच, धार लावायचा दगड, आणि असंच पुढे.

हे म्हणाले, "मोटरवाली करवत घे. बटण दाबलं की काम झालं. रविवारी दुपारी डोक्यावर खर्र खर्र ऐकून मला स्वप्नात पण कुणीतरी झाडं तोडताना दिसतं."

"आणि मोटरचा आवाज?"

"तो लवकर संपंल की."

भावजी म्हणाले, "वहिनी, हत्यारं काय खायची हाईत का? पैसा लाकडात घाला. सागवान घ्या. चूक झाली तर चूल पेटवायला तरी येतंय."

"सागवानाची चूल?" जाऊबाईंनी कपाळाला हात लावला. "ताई, ह्यांचं ऐकू नका. तुम्ही कानातलं घ्या. मोकळे कान बघवत न्हाईत मला. आत्यांची खुर्ची करून घेऊ कुणाकडनं तरी."

फोनमधून लेक ओरडली, "आई, तू क्लास लाव! व्यवस्थित शीक आधी. तुझं स्टूल मी बघितलंय, ते डुलतंय."

"ते डुलत नाही. गच्ची उताराची आहे."

"आई, गच्च्या सगळ्यांच्याच उताराच्या असतात."

मग सगळे एकदम बोलायला लागले. करवत, सागवान, कानातलं आणि क्लास यांची भांडणं अशी लागली की भावजींनी पांढऱ्या रश्श्याची वाटी पुन्हा मागितली, कारण बैठक लांबणार हे त्यांच्या लक्षात आलं. आत्या भिंतीला टेकून पलंगावर बसल्या होत्या. आवाज थोडा खाली आल्यावर त्यांनी विचारलं, "सूनबाई, तुझ्या त्या यादीत माझी खुर्ची कुठं हाय?"

मी यादी बघितली. खुर्ची होती. शेवटून दुसरी, 'शेडला बल्ब'च्या खाली.

"आहे की," मी म्हटलं.

"वाच."

मी वाचलं. ह्यांनी खिडकीबाहेर बघितलं. जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला.

"बल्ब लागंपतूर मी खालच्या गोष्टी ऐकायच्या न्हाईत व्हय?" आत्या म्हणाल्या. "आता मी सांगते. नियम माझा हाय. पैसा तुझा, तवा हत्यार तुझ्यासाठी घे, पायजे ते घे. पण त्या हत्यारानं पयली वस्तू माझी झाली पायजे. पुढची भिशी आपल्या घरी हाय. हत्यार आणि खुर्ची, दोन्ही मधी ठेवायचं. न्हाय झालं तर त्याच दिवशी भिशीतनं माझं नाव काढा."

ठराव मंजूर. रंधा, शिकंजे आणि उरेल त्यात सागवान. मोटरवाली करवत नामंजूर. ह्यांचा विरोध नोंदवला.

दुसऱ्या शनिवारी आम्ही दोघं टिंबर मार्केटला गेलो. वखारवाल्याने ह्यांना हात केला. "या पावणं! काय काढायचं?"

"सागवान, खुर्चीसाठी," मी म्हटलं. "गाठी नसलेलं, वाळलेलं."

"वाळलेलंच हाय," तो ह्यांना म्हणाला. "किती जाडीचं देऊ?"

मी जाडी सांगितली. तो ह्यांच्याकडे बघत मान हलवत राहिला. मी फळी उभी करून एक डोळा मिटून तिचा बाक बघितला आणि म्हटलं, "ही वाकडी आहे, दुसरी दाखवा."

"पावणं, वहिनी म्हणत्यात वाकडी हाय," तो ह्यांना म्हणाला.

हे म्हणाले, "मला इचारू नका. मी हमाल हाय."

त्यानंतर तो माझ्याशी बोलायला लागला, आणि दर एक रुपयाही कमी केला नाही. ह्यांच्याशी बोलत होता तेच बरं होतं, असं मला वाटून गेलं.

माप मात्र मी अगदी काळजीपूर्वक घेतलं. लग्नातले पाट काढले, एकावर एक रचले, वर आत्यांची वाकळ, म्हणजे जाड गोधडी, घडी घालून ठेवली आणि त्यांना धरून बसवलं. शेजारी सतरंजीवर मी बसले. एक पाट काढला, पुन्हा घातला. शेवटी आत्या म्हणाल्या, "हां. हितं. आता तुझं तोंड दिसतंय आणि कान बी पोचतोय." मी त्यांना उठवलं आणि टेप लावून जमिनीपासून वरपर्यंतची उंची लिहून घेतली.

नवा रंधा लाकडावरून असा गेला की कागदासारखी पातळ साल गुंडाळत बाहेर आली. ह्यांनी ती उचलून प्रकाशात धरून बघितली आणि खिशात घातली. ही त्यांची आतापर्यंतची सर्वांत मोठी शाबासकी. आता मी स्वतः हळद-कुंकवाआधी रंधा वापरला, हे नियमात बसतं का असं जाऊबाईंनी फोनवर विचारलं. आत्यांनी निकाल दिला की हत्याराला खंडेनवमीचं हळद-कुंकू असतं, ते आगाऊ धरावं. पण खुर्चीला सवलत नाही. ती तयार झाल्यावर मी म्हटलं, "आत्या, एकदा बसून बघा."

"हळद-कुंकू लागल्याशिवाय मी टेकणार न्हाय. नियम म्हंजे नियम."

आणि नियम पाळण्यात आमचं घर पहिलं, म्हणून कुणीच बसलं नाही.

भिशीचा दिवस. सतरंजी घातली, भडंग आणि चहा तयार. मध्ये पाटावर रंधा, शेजारी खुर्ची. बायकांनी दोन्हींना हळद-कुंकू लावलं. रंध्याच्या पात्यावरही कुंकू लागलं, ते नंतर घासून काढायचं मी मनात टिपून ठेवलं. एकीने विचारलं, "ही इस्त्री केवढ्याला पडली?" मग सगळ्या म्हणाल्या, "बसा की आता."

आत्यांनी आपली वाकळ आणली, घडी घालून खुर्चीवर ठेवली आणि बसल्या.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी उंची मोजली होती ती वाकळेसकट. लाकूड तेवढ्या उंचीचं केलं, आणि आता त्याच्यावर पुन्हा वाकळ. त्यात भर म्हणजे, आत्या बसल्या होत्या तेव्हा वाकळ दबलेली होती आणि त्यांना उठवून मी मोजलं तेव्हा फुगलेली. आत्यांचे पाय जमिनीला जेमतेम लागत होते. खाली सतरंजीवर बायका माना वर करून बघत होत्या. प्लास्टिकच्या खुर्चीपेक्षा कमी, पण तहसीलदार तो तहसीलदारच.

"वाकळ काढू का आत्या?"

"वाकळ काढलीस तर हाडं टोचत्यात."

"पाय कापते. आत्ता कापते, करवत आणते."

आत्यांनी खुर्चीच्या हातांवर रेटा दिला, उठायला. त्यांचं नाव आता जाणार, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

एवढ्यात पूर्वी सतरंजीवर त्यांच्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने, जिचं हळू बोलणं ऐकू यावं म्हणून हा सगळा खटाटोप होता, तिने हात पुढे केला. "थांबा हो. तुम्ही खाली येऊ नका, मीच वर येते. माझे गुडघे काय सोळा वर्षांच्या पोरीचे हाईत व्हय? बैठक संपली की मी भिंत धरून उठते, तुमाला कधी दिसलं न्हाय. ए पोरी, गच्चीवर तुझं काय हाय का बसायला?"

"हत्यारांची पेटी आहे," मी म्हटलं.

"आण की."

पेटी आली. मग दुसरी म्हणाली, मला पण लागतंय, आणि बाक खाली आला; त्यावर दोघी. तिसरीने डुलणारं स्टूल घेतलं आणि डुलण्यासकट आवडलं म्हणाली. उरलेल्यांनी लग्नातले पाट एकावर एक रचले. सतरंजीवर शेवटी फक्त भडंग उरला. आत्या पुढे वाकल्या, मैत्रीण त्यांच्या कानाला लागली, आणि दोघी अशा हसल्या की चहा सांडला. कशाला हसल्या ते मला आजवर कळलेलं नाही. गडबडीत भिशीची चिठ्ठी काढायचीही राहिली; त्या दिवशी नाव कुणाचंच निघालं नाही.

पेटी, बाक आणि स्टूल अजून खालीच आहेत, कारण पुढच्या बैठकीला लागणार. माझी हत्यारं गच्चीवर जमिनीवर पडून असतात. रंध्याच्या पात्यावरचं कुंकू घासून काढलं.

राहिलेलं काम एकच: खुर्चीचे पाय वाकळेच्या जाडीएवढे कापायचे. दर रविवारी मी करवत घेऊन खाली येते. आत्या खुर्चीत बसलेल्या असतात. म्हणतात, "आता न्हाय. आता मी बसलेय."