कार्टं फुकट

पुंडलिकनगरात एखाद्या दुकानावर 'दुध' लिहिलेलं दिसलं, की सर्जेराव पेंटर स्टुलावर चढलेच म्हणून समजा. वय शहात्तर, गुडघे कुरकुरणारे, पण पिशवीत ब्रश अन् रंगाची डबी कायम. ऱ्हस्वाचा दीर्घ करून उतरायचे आणि दुकानदाराला बजावायचे, "पन्नास वर्सं बोर्ड रंगवले. एक अक्षर चुकलं नाय आपलं."

हे ऐकलं की त्यांच्या मालनबाई पदरात तोंड खुपसून हसायच्या. कारण एक चुकलं होतं. फक्त ते आपलं नव्हं, मॅनेजरचं, असं सर्जेराव सांगत आले होते.

तेव्हा दोघांचं लग्न नवंनवं. सर्जेराव एका थेटराची पोस्टरं रंगवायचे. मॅनेजर अप्पारावांनी कुठूनसं जुन्या परदेशी कार्टूनचं रीळ पैदा केलं. काळंपांढरं, सात मिनिटांचं, नाचणाऱ्या बकरीचं. मोठ्या पिक्चरच्या आधी दाखवायचं. सोबतचं मूळ पोस्टर वीतभर, तेही उंदरांनी अर्धं खाल्लेलं. त्यात बकरीचे हातपाय सुतळीसारखे वळलेले, डोळ्यांतून टरबुजासारखी एकेक फोड कापलेली, आणि हातांत पांढरे मोजे.

बकरीला मोजे कामून? सर्जेराव दोन दिवस डोकं खाजवत बसले. मग चुलीपुढं भाकरी थापणाऱ्या मालनबाईंचे पिठानं माखलेले हात दिसले, अन् उलगडा झाला. सहा फुटी पत्र्यावर त्यांनी बकरी काढली, तिच्यापुढं परात, हातात भाकरी. नाक मालनबाईंचं आलं, ते निराळंच.

"खाली लिव्ह," अप्पाराव पान चघळत म्हणाले, "पिक्चरसंगं कार्टून फुकट."

सर्जेरावांनी 'कार्टून' हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. पानातून जेवढा बाहेर आला तेवढा लिहिला: 'पिक्चरसंगं कार्टं फुकट!'

रविवारी अख्खा मोहल्ला आपली, शेजारची, पाहुण्यांची कार्टी घेऊन हजर. एका खुर्चीत चार-चार. अप्पाराव दारात आडवे झाले, तर बायांनी बोर्डाकडं बोट केलं, "लिव्हलंय न्हवं?"

"अबे पेंटर, ये क्या लिख मारा?" म्हणत अप्पारावांनी बोर्ड उतरवून कोठीत फेकला. तिथंच तो गडप झाला.

गेल्या महिन्यात सावनी नावाच्या पोरीचा फोन आला. ती क्रांती चौकाजवळ जुन्या कार्टून-पोस्टरांचं प्रदर्शन भरवत होती. "काका, तुमची सही असलेला बोर्ड सापडलाय! भाकरीवाली बकरी!"

सर्जेरावांचा घास तोंडातच राहिला. "मालन, इज्जत गेली. आता आख्खं शहर वाचणार."

"वाचू द्या की. माझं नाकबी बघतील."

उद्घाटनाच्या सकाळी दार उघडताच दोघं आत. हिशोब सोपा होता. टिंब पुसायचं, दीर्घ उकार द्यायचा, पुढं 'न' घुसवायचा. दोन मिनिटांचं काम. सर्जेरावांनी ब्रश बुडवला, हात वर केला, तोच मागून आवाज आला.

"ओ दादा! खबरदार! त्या बोर्डावर मी थेटरात गेल्ते!"

साठीच्या पारूबाई. पेपरात बकरी बघून सिल्लोडहून आल्या होत्या.

"मंजी?"

"आठ वर्सांची व्हते. मामाकडं आल्ते. मामा लई चिकट, कधी थेटर दावलं नाय. हे वाचलं अन् म्हणला, चला रे, कार्टं फुकट! सातजणं शिरलो. ती बकरी आता भाकर थापल, मग थापल, म्हणून डोळं फाडून बसले. मेलीनं थापलीच नाय, नुसती नाचली! पण पयला पिक्चर तोच. ज्यानं लिव्हलं त्याचं भलं व्हवो."

सर्जेराव ताठ झाले. गुडघेसुद्धा कुरकुरले नाहीत.

"म्याच लिव्हलं. मुद्दाम!"

"मुद्दाम व्हय?" मालनबाई म्हणाल्या. "मंग ब्रश कामून काढला?"

सर्जेरावांनी ब्रशाकडं पाहिलं, बोर्डाकडं पाहिलं, मग दारावरच्या फलकाकडं. तिथं ठळक लिहिलं होतं: 'दुर्मिळ पोस्टरांचे प्रदर्शन'.

"त्याच्यासाठी!" ते गरजले. "सावनी, स्टूल आण! 'मी' दीर्घ पाहिजे!"

ते स्टुलावर चढत होते, तेव्हा खाली तिकिटाच्या टेबलावरच्या पोरानं पारूबाईंची पाच नातवंडं अडवून धरली होती. पारूबाईंनी आतल्या बकरीकडं बोट केलं.

"लिव्हलंय न्हवं?"