गच्चीवरच्या मोरांसाठी घेतलेली लेन्स

मंडळी, आज भाचीने फोनवर विचारलं, "मावशी, आजीचा स्वयंपाकघरातला एखादा फोटो आहे का गं?" दुपारभर अल्बम चाळले. एकही सापडला नाही.

साठच्या दशकात आम्ही जयपूरला आदर्श नगरमध्ये दोन खोल्यांत राहायचो. बाबांनी लेन्स बदलता येणारा जुना रेंजफाइंडर कॅमेरा घ्यायचं ठरवलं. त्यांच्या पैशांत एकच लेन्स बसत होती, जवळचं टिपणारी किंवा लांबचं. त्यांनी मला विचारलं. मी शाळकरी पोर, गच्चीवर येणाऱ्या मोरांसाठी लांबचीच हवी म्हणून हटून बसले.

घरात त्या लेन्समध्ये आई मावायचीच नाही. मग बाबा तिला अंगणात बोलवायचे. "अजून थोडी मागे सर."

"अहो, आता काय गावाबाहेर आमेरच्या किल्ल्यावर जाऊन उभी राहू?" असं म्हणत ती हसत पोळ्या लाटायला निघून जायची.

अल्बममध्ये मोर आहेत, हवामहलच्या खिडक्या आहेत. आई एकाच फोटोत आहे, स्वयंपाकघराकडे परत जाताना, पाठमोरी.

भाचीला तोच पाठवला. तिने लगेच विचारलं, "आजीने वळून का नाही पाहिलं?"

तोच फोटो समोर ठेवून हे लिहिते आहे. तुम्ही काय सांगितलं असतं?