पोचा पडलेला नमुना

नव्वदच्या दशकात पीण्या औद्योगिक वसाहतीत आमच्या दाजींची, म्हणजे बहिणीच्या नवऱ्यांची, पत्राकामाची शेड होती. ती बंद पडायला आली असताना त्यांना सरकारी मतपेट्यांचं टेंडर मिळालं.

तपासणीला साहेब आले ते मंजूर नमुना घेऊन. लाखेचे शिक्के मारलेली ती पेटी दोन शिपाई पालखीसारखी उचलून आणत होते. पण कचेरीत ती कधीतरी कपाटावरून पडली असावी. झाकणाला पोचा आला होता आणि मत टाकायच्या फटीवरची पट्टी पूर्ण बसत नव्हती. दाजींच्या पेट्यांची पट्टी घट्ट बसत होती. साहेबांनी सगळा माल नापास केला.

“साहेब, नकाशाप्रमाणे आमच्याच पेट्या बरोबर आहेत.”

“नमुन्याशी जुळतात का? नियमात नमुना अंतिम आहे.”

“मग तुमचा नमुनाच स्वल्प, जरासा, ठोकून सरळ करून देतो.”

“सरकारी शिक्क्याच्या वस्तूला हात लावणार? जेलात जाल, अण्णा!”

माल परत गेला असता तर शेडला कुलूप लागलं असतं. दाजींनी प्रत्येक झाकणावर स्वतः हातोडा मारून पोचा पाडला. कारागिरांना त्यांनी ते काम सांगितलं नाही. साहेब पुन्हा आले, “सरी, बरोबर, आता जुळलं,” म्हणाले आणि प्रमाणपत्र देऊन गेले.

पुढच्या निवडणुकीत माझी ड्यूटी राजाजीनगरच्या एका शाळेत लागली. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्षांनी पेटीची पट्टी ओढली, तरी फट उघडीच राहिली. त्यांनी तिच्यावर कागद चिकटवला आणि कागदावर शिक्का मारला.

घरी दाजी वाट पाहत होते. “पट्टी बसली का?”

“प्रमाणपत्राप्रमाणे बसली,” मी म्हणालो.

ते हसले नाहीत.