बाबांचा ढोलक आणि मोटारीची केबल

जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर मी अकोल्याच्या घरी आणले ते एका रेकॉर्डिंगपायी. गावच्या भजनी मंडळात बाबा ढोलक वाजवायचे. ते गेले, आणि त्यांच्या हाताचा आवाज एका कॅसेटपुरता उरला. ती मी मोबाइलवर उतरवून घेतली, पण त्यात नुसते टाळच ऐकू येत. आई दर्यापूरहून दोन दिवसांसाठी आली होती. ती परत जायच्या आत तिला बाबांचा ढोलक ऐकवायचाच, असं मी ठरवलं.

दुकानदारानं स्पीकर जोडायला सोनेरी टोकांची गुळगुळीत केबल दाखवली. मी शेतकऱ्याची लेक, मी कशाला भुलते! विहिरीवरच्या मोटारीची उरलेली केबल माळ्यावर पडून होती. जाडजूड, अस्सल तांब्याची. आत तीन तारा, लाल, पिवळी, निळी. पिवळी सोडली, बाकीच्या दोन जोडल्या. कोणती कुठं, ते पाहिलंच नाही. शेतात कोण पाहतं? तारा जोडायच्या, बटण दाबायचं, पाणी आलं की झालं.

बटण दाबलं. टाळ खणखणले, गळेही ऐकू आले. ढोलक मात्र गायब.

"दुकानातलीच केबल घ्याले पायजे होती," नवरा म्हणाला. माझं डोकंच फिरलं.

आई पिशवी घेऊन दारात उभी होती, तिला दुपारची जीप गाठायची होती. "आवाज तं लय हाय," ती म्हणाली, "पण तुह्या बाबाचा ढोलक कुठी हाय याच्यात?"

मला रडूच आलं.

आईनं जरा कान दिला. "मोटर बोलून राह्यली, पाणी नाई देऊन राह्यली. उलटी फिरत असन. दोन वायरी पलटव."

"आई, ही मोटर नाही गं."

"पलटव म्हणलं ना!"

वैतागून एका स्पीकरमागं वाकले, तेव्हा दिसलं. दुसऱ्या स्पीकरला लाल तार लाल खटक्यात अडकवली होती, याला मात्र काळ्या खटक्यात. एक स्पीकर पुढं ढकलत होता तेव्हा दुसरा मागं ओढत होता, आणि ढोलक मधल्या मधे मरत होता. तारा पलटवल्या.

धुम्म! भिंतीवरचं कॅलेंडर हललं. "दुकानातली केबल गेली उडत!" मी ओरडलेच. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

मध्येच ठेका चुकला, आणि पुढची थाप दणकून पडली. आईच्या हातातली पिशवी खाली आली.

"हेच," ती म्हणाली. "ठेका चुकला का असेच जोरानं ठोकत."

मग तिनं चपला काढल्या आणि ती फरशीवर मांडी घालून बसली. "पयलेपासून लाव."